शोभाबाईचे दात आणि नानाजींची बॅग

नानाजी भोयरांनी उभ्या नोकरीत हजारो माणसांचे फोटो काढले, पण त्यांत चेहरा एकाचाही आला नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात ते एक्स-रे काढायला होते. छाती, मणका, खुबा, झाडावरून पडलेल्याचं मनगट, पोरानं गिळलेला रुपया, सगळं त्यांच्या यंत्रापुढून गेलं. अर्धा वर्धा जिल्हा त्यांना आतून ओळखीचा होता. बाजारात कोणी थांबून नमस्कार केला तर त्याचं नाव आठवायचं नाही, पण डावी बरगडी वाकडी जुळली होती एवढं आठवायचं, आणि मग तिची चौकशी नानाजी भर रस्त्यात करायचे.

या नोकरीनं त्यांना एक शिस्त लावली होती. फिल्मचा जमाना होता तेव्हा एक फिल्म वाया गेली की वरून विचारणा व्हायची. म्हणून पेशंटला आधी नीट झोपवायचं, हात कुठे, पाय कुठे, मान कुठे ते पाहायचं, पुन्हा एकदा पाहायचं, श्वास धरायला लावायचा आणि मग एकदाच बटण दाबायचं. "आधी तयारी, मंग फोटो," हे ते नव्या पोरांना इतक्यांदा ऐकवत की पोरं माघारी त्यांना तयारी साहेब म्हणत. पुढे फिल्म गेली, संगणक आला, हवे तितके काढा म्हणाले, तरी नानाजी एकच काढत. पेशंट टेबलावर गारठून जायचा, पण फोटो मात्र पुस्तकात छापावा असा यायचा.

निवृत्तीच्या सुमारास डॉक्टरांनी त्यांना शुगर सांगितली आणि सायकल चालवा म्हणाले. फोटोचा नाद तर होताच. निरोपाच्या कार्यक्रमात गळ्यात हार आणि हातात नारळ असताना नानाजींनी या दोन्ही गोष्टींची गाठ मारली आणि जाहीर करून टाकलं की आता सायकलवर कॅमेरा घेऊन जिल्हा पालथा घालणार, आणि आजवर माणसं आतून पाहिली ती आता बाहेरून टिपणार. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणूस अडकतो. बोरगाव मेघेतल्या त्यांच्या घरी आधी गिअरची सायकल आली आणि तिच्या मागोमाग मोठा कॅमेरा. दसऱ्याला कोकिळाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दोन्हींची यथासांग पूजा केली. सायकलच्या हँडलला झेंडूचा हार घातला आणि कॅमेऱ्याच्या काचेवर मधोमध कुंकवाचं बोट टेकवलं. ते पुसायला दिवाळी उजाडली, कारण काच कोणत्या कापडानं पुसावी हे नानाजींचं ठरत नव्हतं.

भाऊबीजेला ते दरवर्षीसारखे कोकिळाबाईंना घेऊन बहिणीकडे गेले. शोभाबाई त्यांची थोरली बहीण, आर्वी रस्त्यावरच्या टाकळीला दिलेली. आई लवकर गेली तेव्हा नानाजींना तिनंच वाढवलं. त्यांना शाळेत धाडता यावं म्हणून स्वतःची शाळा सोडली आणि चुलीपाशी बसली. नवरा गेल्यावर मुलगा कैलास आणि सून छाया यांच्यासोबत ती वावरात वांगी, मेथी, टमाटर लावायची आणि वर्ध्याच्या बाजारात धाडायची. वय सत्तरीपार, पाठ वाकलेली, गुडघे बोलके, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. दात मात्र सगळेच्या सगळे जागेवर. कडुनिंबाच्या काडीवर तिनं ते जपले होते. गावातल्या तिच्या बरोबरीच्या बाया भाकर दुधात भिजवून खात, आणि ही ओसरीवर बसून फुटाणे फोडायची, तेही आवाज ऐकू जाईल असे.

"देवानं मले रूप नाई देलं, दात देले," असं ती म्हणायची आणि हसायची. हसली की पूर्ण तोंड उघडून हसायची. पण हे हसणं कुठल्याही फोटोत नव्हतं. लग्नातल्या फोटोत मान खाली होती. रेशन कार्डाच्या फोटोवाल्यानं तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, बँकेच्या फोटोवाल्यानं तेच सांगितलं, आणि आधारच्या वेळी तर तिला आपोआप हसू आलं म्हणून त्या माणसानं तिला रागावून दुसऱ्यांदा बसवलं होतं.

त्या भाऊबीजेला ओवाळून झालं, नानाजी पिशवीतून लुगडं काढायला लागले, तेव्हा शोभाबाईनं ताट मागे घेतलं.

"यंदा लुगडं नोको, नाना. पैसे बी नोको. माहा एक फोटू काढून दे. हासतानाचा. दात दिसले पाह्यजे."

"एवढंच का, बाई?" नानाजी म्हणाले.

"मी मेल्यावर भितीवर थोच लावतीन हे लोकं. आधारावरची बाई पाहून मलेच भेव लागते, मंग नातवाइले काय नाई लागन? पन लवकर कर. वरचा एक दात हालून राह्यला. एक हालला का बाकीच्याइचा भरोसा नसते."

कैलासनं लगेच खिशातून मोबाईल काढला. "माय, हास," म्हणाला. शोभाबाई हसायच्या बेतात होतीच. नानाजींनी भाच्याचा हात धरला.

"मोबाईलचा फोटो म्हंजे फोटो नोहे, कैलास. त्याच्यात चेहरा पसरते. बाईचा फोटो मी काढतो. मोठ्या कॅमेऱ्यानं. सायकलनं येतो अन् काढतो."

मामाचा शब्द मोडायची पद्धत त्या घरात नव्हती. कैलासनं मोबाईल खिशात ठेवला. मोठा कॅमेरा त्या दिवशी घरीच होता, कारण नानाजी एसटीनं आले होते आणि कॅमेरा न्यायला बॅग नव्हती.

"मंग ताटात आज काई टाकू नोको," शोभाबाई म्हणाली. "फोटू आनशीन तवाच भरजो."

ओवाळणीचं ताट रिकामं आत नेत नाहीत. कोकिळाबाईंनी नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण शोभाबाईनंच फडताळातून एक सुपारी आणून ताटात ठेवली आणि ताट आत नेलं.

घरी येताना एसटीतच कोकिळाबाई म्हणाल्या, "उद्या परत या अन् काढून टाका. टावेलात गुंडाळून न्या कॅमेरा."

"टावेलात?" नानाजींनी विचारलं. एखादा पेशंट चिखलाच्या बुटांसह टेबलावर चढला की ते याच सुरात विचारत. "अन् एसटीनं तं कोनीही जाईन. सायकलनं जातो म्हून सांगतलं मी बाईले. निस्ती बॅग पाह्यजे, बाकी सब तयारी झाली."

तर अशी त्या बॅगेची सुरुवात झाली. साधा माणूस दुकानात गेला असता आणि बॅग घेऊन आला असता. पण नानाजी दुकानात जाण्याआधी सदाशिवरावांकडे गेले. सदाशिवराव बँकेतून निवृत्त झालेले, सकाळच्या सायकल मंडळाचे म्होरके, आणि बॅगांतले जाणकार म्हणून बोरगावात त्यांचा दरारा. त्यांच्याकडे कॅमेऱ्याच्या चार बॅगा होत्या. कॅमेरा नव्हता, तो जावयानं नेला होता.

"भोयर साहेब, जल्दी करू नका," सदाशिवराव म्हणाले. "कॅमेरा चुकला तं बदलता येते. बॅग चुकली तं कॅमेरा जाते. आपले रस्ते पाहून राह्यले ना तुमी?"

रस्ते नानाजी पाहून राहिले होतेच. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

पहिली आणली ती सेवाग्रामकडची खादीची शबनम. हातमागाची, जाड पट्ट्याची, निवृत्त माणसाला शोभणारी. खांद्याला लावून नानाजी सायकलवर बसले की ती शबनम हळूहळू पुढे सरकायची आणि चढ आला की गुडघ्यावर येऊन बसायची. आता हिच्यात कॅमेरा ठेवून पाहायचा कसा? कॅमेऱ्याला काही झालं तर? तेव्हा नानाजींनी एक शास्त्रीय युक्ती काढली. कॅमेऱ्याच्या जागी त्यांनी कच्ची अंडी ठेवली. अंडी शाबूत राहिली तर बॅग पास. वर्ध्याच्या रिंगरोडपर्यंत जाऊन आले तेव्हा शबनमच्या खालच्या कोपऱ्यातून पिवळं ठिबकत होतं. कोकिळाबाईंनी ती धुतली, वाळवली आणि शेवया भरून ठेवायला घेतली.

दुसरी होती पाठीवरची सॅक. तिच्यात अंडी वाचली. नानाजी खूश होते, पण सदाशिवरावांनी सॅकच्या आतून हात फिरवला आणि मान हलवली.

"पाठीचा घाम आत जाईन. घामानं फंगस लागते. लेन्स गई समजा."

थंडीचे दिवस होते, घाम कोणाला यायचा होता? पण फंगस हा शब्द दवाखान्यात जन्म काढलेल्या माणसाच्या मनात फार खोल जातो. नानाजींनी सॅक परत केली. त्याच आठवड्यात संक्रांत झाली आणि टाकळीहून फोन आला. तिळाच्या वडीत शोभाबाईचा तो हलणारा दात निघून आला होता.

"नाना, एक गेला," ती म्हणाली. "येतं का?"

"बाई, थो वरचा उजवीकडचा ना? काई हरकत नाई. मी डाव्या बाजूनं घेईन. दिसन बी नाई," नानाजींनी तिला समजावलं. कोन बदलला की निभतं, हे त्यांना धंद्यामुळे ठाऊक होतं.

तिसऱ्या बॅगेची गोष्ट वेगळी. ती विकत घेतलेलीच नव्हती, ती हरिदासनं शिवली. हरिदास गाड्यांच्या सीटा शिवतो. नानाजींनी त्याला कागदावर नकाशा काढून दिला: मागच्या कॅरिअरवर बसेल अशी पेटीवजा बॅग, चहूबाजूंनी सीटचा फोम, वर झाकण, झाकणाला पट्टे. हरिदासनं काम चोख केलं. फक्त रेक्झिन त्यानं उरलेलं वापरलं आणि ते एका ऑटोच्या टपाचं होतं. त्यामुळे बॅगेच्या मागच्या बाजूला मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'बाबांचा आशीर्वा' एवढं आलं. शेवटचं अक्षर शिवणीत गेलं होतं. अंडी आत अशी शांत बसली की कोंबडीखालीही बसली नसती. पण बॅग कॅमेऱ्याहून जड झाली. नानाजी सायकलवर चढताना पुढचं चाक वर उचललं जायचं, आणि झाकणाचे पट्टे सोडून कॅमेरा बाहेर काढेपर्यंत समोरचं माणूस घरी जाऊन जेवून आलं असतं. सायकल मंडळात मात्र तिचं फार कौतुक झालं. लोक तिच्यासोबत फोटो काढून घेत, मोबाईलनं.

"आता हे घेऊन तं जा टाकळीले," कोकिळाबाई म्हणाल्या.

"एवढी जड बॅग घेऊन पंधरा किलोमीटर? अन् उन्हाळा लागला. फोमात गरमी कोंडते," नानाजी म्हणाले.

उन्हाळा लागला तो विदर्भाचा लागला. बाहेर डांबर वितळत होतं आणि नानाजी कूलरसमोर बसून बॅगांचे व्हिडिओ पाहत होते. परदेशातले लोक बर्फात सायकल चालवत बॅगांची परीक्षा घेत होते. ही बॅग उणे वीस अंशांत टिकते, असं एक गोरा माणूस सांगत होता, आणि नानाजी बनियनवर बसून त्याचं म्हणणं गंभीरपणे ऐकत होते. त्यांना एक नवीन जग सापडलं होतं. कमरेला बांधायची, छातीवर आडवी टाकायची, हँडलला अडकवायची, फ्रेमच्या पोटात बसवायची, अशा एकाहून एक सरस बॅगा. कुठली उघडायला सोपी पण पावसात कच्ची, कुठली पावसात पक्की पण उघडायला कठीण. दोन्ही गुण एकाच बॅगेत मिळावेत म्हणून नानाजी रोज सकाळी उठून नव्यानं पाहायला लागत. शुगर वाढली, कारण सायकल भिंतीला टेकून उभी होती.

या काळात कॅमेऱ्यानं त्यांनी फोटो काढले नाहीत असं म्हणणं चूक होईल. बॅगांचे काढले. समोरून, बाजूनं, उघडी, बंद, अंड्यांसह, अंड्यांविना. ते सगळे सायकल मंडळाच्या ग्रुपवर गेले आणि त्यांवर भरपूर अंगठे आले.

पावसाळ्याच्या तोंडाशी शोभाबाईचे आणखी दोन दात गेले, शेजारशेजारचे. तिनं फोन केला नाही. कैलासनं केला.

"मामाजी, मायचे समोरचे गेले. मी काढून ठेवू का मोबाईलनं? अजून खालचे हायेत."

इथे माणसानं हो म्हणावं. पण नानाजींचं त्या दिवशी छातीवरच्या बॅगेचं पक्कं ठरत आलं होतं, आणि आता मोबाईलनं काढू दिलं तर इतके महिने केलं ते कशासाठी, असा प्रश्न समोर उभा राहत होता. असा प्रश्न उभा राहिला की शिकलेला माणूस त्याला उत्तर देत नाही, बाजूनं निघून जातो.

"खालचे हायेत ना? मंग मी खालून घेईन थोडं," नानाजी म्हणाले. "पंधरा दिवस थांब."

बॅग मागवली. आली ती लहान निघाली, कॅमेऱ्याचं नाक बाहेर राहायचं. परत पाठवली. मोठी मागवली, ती आली तेव्हा श्रावण लागला होता. आता ही बॅग बघायची तर अंडी हवीत, आणि श्रावणात कोकिळाबाई अंडं घराच्या फाटकाच्या आत येऊ देत नव्हत्या. नानाजींनी बरीच विनवणी केली की खायची नाहीत, फक्त फिरवायची आहेत. कोकिळाबाई म्हणाल्या, देवाले फरक समजावून सांगा. मग टमाटर ठेवून पाहिले, पण टमाटराचं आणि अंड्याचं मोजमाप एक नाही. आधीच्या सगळ्या बॅगा अंड्यांवर तपासलेल्या, आणि हिला एकटीला टमाटरावर पास करायचं, हे नानाजींच्या नियमात बसेना. श्रावणामागून गणपती, मग नवरात्र, अशी परीक्षा लांबत गेली आणि बॅग पलंगावर उशीशेजारी पडून राहिली.

महालक्ष्म्यांच्या वेळी कोकिळाबाई एसटीनं टाकळीला जाऊन आल्या. पाय धुऊन झाल्यावर म्हणाल्या, "अवो, बाईचं तोंड एकदा पाहून या. कॅमेरा राहू द्या."

"आता काय, हप्ता दोन हप्ते. अंडे सुरू झाले का झालं," नानाजी म्हणाले.

"तुमी अंडेच पाहत राहा," कोकिळाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

शोभाबाईचा आवाजही त्या दिवसांत फोनवर वेगळा यायचा. शब्द फुसफुसत निघायचे. नानाजी म्हणायचे, बाई, तिकडचं नेटवर्क खराब झालं, अंगनात ये. ती अंगणात यायची आणि तसंच बोलायची.

अखेर दसरा उलटल्यावर ती बॅग पास झाली. टाकळीच्या अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन परत, मधले सगळे खड्डे मुद्दाम घेत, अंडी जशीच्या तशी. छातीवर आडवी बसणारी, कमरेला दुसरा पट्टा, एका हातानं उघडणारी, पावसाची टोपी पोटात दडवलेली. सदाशिवरावांनी ती उलटसुलट पाहिली आणि दहा मिनिटं एकही दोष निघाला नाही. नानाजींना मंडळाच्या चहात त्या दिवशी पहिला कप मिळाला.

भाऊबीजेच्या सकाळी नानाजी निघाले. कोकिळाबाई आदल्या दिवशीच पुढे गेल्या होत्या. सोयाबीन निघून गेलेली वावरं, कापूस फुटायला लागलेला, रस्त्यावर गर्दी नव्हती. नानाजींना स्वतःचा फार अभिमान वाटत होता. लुगडं घेतलं नव्हतं, पाकीट घेतलं नव्हतं. ठरल्याप्रमाणे ओवाळणी म्हणजे फोटोच. आत कॅमेरा, दोन बॅटऱ्या, काच पुसायचं खास कापड, ओल शोषणाऱ्या पुड्या. बाईला कुठे बसवायचं, ऊन कुठून येईल, मान किती वळवायची, सगळं डोक्यात मांडून झालं होतं.

अंगणात सायकल थांबली तशी आधी बॅगेनं सगळ्यांना जवळ बोलावलं. कैलासनं पट्टे ओढून पाहिले. छायानं विचारलं, धुता येते का. शेजारचे दोघे कुंपणाशी येऊन उभे राहिले. नानाजींनी एका हातानं उघडून दाखवली, पावसाची टोपी काढून दाखवली, परत घालून दाखवली. या सगळ्यात बराच वेळ गेला, आणि मग त्यांनी विचारलं, "बाई कुठं हाय?"

शोभाबाई दारातच उभी होती. केव्हापासून उभी होती कोण जाणे. तोंडावर पदर धरलेला होता.

"ये बाई, इथं बस. उन्हाकडं तोंड कर," नानाजी कॅमेरा काढत म्हणाले. "पदर घे खाली. हास."

शोभाबाईनं पदर खाली घेतला. ती हसली नाही, पण तोंड उघडून दाखवलं, दवाखान्यात दाखवतात तसं. आत काही नव्हतं. गाल आत गेले होते, ओठ दुमडले होते, आणि तो चेहरा नानाजींनी कधी पाहिलेला नव्हता.

"उरलेले सडले होते, मामाजी," कैलास हळू आवाजात म्हणाला. "दसऱ्याच्या आंधी शिबिर होतं, तिथंच काढले. तुमाले सांगू नोको म्हने माय. मी मांगच्या भाऊबीजेलेच मोबाईलनं काढत होतो. तुमीच नाई म्हनलं."

तो हे टोचून बोलला नाही. झालं तसं सांगितलं. नानाजींच्या हातात कॅमेरा तसाच राहिला.

"कवळी देली ना तुले?" त्यांनी बहिणीला विचारलं. "ते लावून काढू, बाई. चांगला यीन."

"ते दात दवाखान्याचे हायेत, नाना. माहे नोहोत," शोभाबाई म्हणाली. "त्याइले घेऊन भितीवर कायले बसू मी? राहू दे आता. ये, ओवाळते."

तिनं पाट मांडला, कॅमेरा बॅगेत ठेवायला लावून नानाजींना बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. ओठ मिटलेलेच होते. ओवाळून झाल्यावर ताट त्यांच्यापुढे धरून ती थांबली. गेल्या वर्षीचंही ताट राहिलंच होतं. नानाजींनी बॅगेत हात घातला. त्या बॅगेत कप्पे पुष्कळ होते. एकात बॅटरी, एकात कापड, एकात पुड्या, एक जाळीचा, एक चोरकप्पा. ताटात टाकता येईल असं कशातच काही नव्हतं. कोकिळाबाई कमरेचं पाकीट सोडायला लागल्या, तेव्हा नानाजींनी त्यांना हातानं थांबवलं, कॅमेरा बाहेर काढून मांडीवर ठेवला आणि बॅगच उचलून ताटात ठेवली. ती ताटाहून मोठी होती. निरांजन विझलं.

शोभाबाईनं बॅग हातात घेतली, दाबून पाहिली, एका हातानं उघडून पाहिली.

"मऊ हाय," ती म्हणाली. "कवळी ठेवाले बरी हाय. डबीत वाजते."

तिनं खरंच जाऊन कवळी आणली आणि लेन्ससाठी केलेल्या कप्प्यात ठेवली. ती तिथे बरोबर बसली. छायाला हसू आलं, तिनं तोंड फिरवलं. मग सगळेच थोडे हसले, नानाजी सोडून.

"असं तोंड करून बसू नोको," शोभाबाई त्यांच्याजवळ बसत म्हणाली. "फोटू नाई तं नाई. लहानपनापासून पाह्यत आला तू मले. माहे दात तुले तं याद हायेत ना?"

"हो, बाई. हायेत ना," नानाजी म्हणाले.

"मंग झालं."

जेवण झालं. पुरणपोळी नानाजींना गेली नाही. कोकिळाबाई मुक्कामाला राहिल्या आणि नानाजी दुपार कलल्यावर एकटेच निघाले. कॅमेरा नुसता गळ्यात घालून निघालेले पाहून छायानं एक कापडी थैली आणली. तिच्यात खाली वांगी, वर दोन जुड्या मेथीच्या. कॅमेरा तिनं मेथीत खुपसला आणि थैली हँडलला अडकवली. टाकळीपासून बोरगावपर्यंत त्याला कशाचा धक्का लागला नाही. नानाजींच्या ते ध्यानातही आलं नाही, ते दुसऱ्याच कामात होते.

ते बाईचे दात आठवून पाहत होते. त्यांना वाटलं होतं, मनात आणायचा अवकाश, लगेच दिसतील. आपण मॅट्रिक झालो तेव्हा बाई हसली होती, आठवलं. कोकिळेला घेऊन पहिल्यांदा आलो तेव्हा हसली होती. तिचे डोळे दिसत होते, कपाळ दिसत होतं, डोईवरून घसरलेला पदर दिसत होता. पण तोंडाच्या जागी काही येईना. वरचे दोन दात एकमेकांना लागून होते की मधे फट होती? सुळा पुढे होता का? खालची ओळ सरळ होती की वाकडी? नानाजींनी सायकल हळू केली. दातांऐवजी समोर येत होती शबनमची किनार, मग ऑटोच्या रेक्झिनची पिवळी अक्षरं, मग चेन, बक्कल, पट्टा, जाळीचा कप्पा. ते सगळं अगदी स्पष्ट येत होतं.

कोणाला विचारावं तर कोणाला? कैलासला विचारता आलं असतं, पण त्याच्याच आईचे दात कसे होते हे भाच्याला विचारायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. बाईला तर नुकतंच हो म्हणून आले होते.

एका कडुनिंबाखाली त्यांनी सायकल उभी केली आणि त्यांना रडू आलं. आर्वीकडून येणारी एसटी जवळून गेली, तेव्हा त्यांनी गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि काही झालं नाही असं दाखवत मागच्या चाकाकडे वाकून पाहिलं. चाकात हवा होती. इतकी वर्षं बाई त्यांच्यासमोर तोंडभर हसत आली होती आणि त्यांनी ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. फोटो काढला की मग निवांत पाहू, असं ठेवलं होतं.